नफ्याचे गणित आणि संकटकाळाची सज्जता : महाराष्ट्रातील आरोग्यव्यवस्थेची चिकित्सा (विशेष संदर्भ : मराठवाडा)

प्रस्तावना

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव अभ्यासकांना परिचित आहे ते तेथील यादवकालीन मंदिरांमुळे, कोरीव स्तंभामुळे आणि बारवांमुळे. बारवेचा विचार बहुधा स्थापत्याच्या आणि मूर्तिशास्त्राच्या अंगाने होतो. अर्थशास्त्राच्या अंगाने तो क्वचितच केला जातो. पाऊसमान चांगले असते तेव्हा बारवेची सगळी खोली वापरात येत नाही; वरच्या पायऱ्यांवरच घागर भरते. तळाची खोली कामी येते ती पावसाने पाठ फिरविलेल्या वर्षी. त्या एका वर्षासाठी केलेले जादा खोदकाम इतर वर्षांच्या जमाखर्चात निव्वळ अपव्यय ठरेल. तरीही ते केले गेले, कारण ज्यांनी ते केले त्यांना बारवेकडून दरसाल परतावा मिळवायचा नव्हता.

आरोग्यव्यवस्थेची संकटकालीन सज्जता ही नेमकी अशीच गोष्ट आहे. साथ नसताना रिकामी राहणारी खाट, रुग्ण नसतानाही पगारावर असलेली परिचारिका, कोणी मागणी केलेली नसताना साठविलेली औषधे आणि प्राणवायू, तसेच तापाच्या रुग्णांची रोज होणारी व बहुतेक दिवशी काहीच निष्पन्न न होणारी नोंद, यांच्या बेरजेला सज्जता म्हणतात. नफ्याच्या हिशेबात यांतील प्रत्येक बाब तोट्याच्या रकान्यात जाते. आरोग्यसेवेतील नफेखोरीची चर्चा मराठीत पुष्कळ झाली असली, तरी तिचा भर प्रामुख्याने डॉक्टरांच्या नीतिमत्तेवर राहिला आणि हा रचनात्मक प्रश्न बाजूला पडला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

टीकेची प्रचलित दिशा व तिची मर्यादा

वैद्यकीय व्यवसायातील गैरप्रकारांवर मराठीत आतून आलेला पहिला मोठा आवाज म्हणून डॉ. अरुण लिमये यांच्या ‘क्लोरोफॉर्म’चा उल्लेख करावा लागतो. त्यानंतर डॉ. अरुण गद्रे व डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखतींच्या आधारे लिहिलेले ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ हे इंग्रजी पुस्तक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अनावश्यक तपासण्या, अनावश्यक शस्त्रक्रिया, रुग्ण पाठविल्याबद्दल दिली जाणारी दलाली आणि कॉर्पोरेट रुग्णालयांतील उद्दिष्टपूर्तीचा दबाव हे सर्व त्यात डॉक्टरांच्याच तोंडून आले आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘कट प्रॅक्टिस’ला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार करविला, त्याचा कायदा मात्र झाला नाही.

मराठवाड्याच्या दृष्टीने या टीकेतील सर्वांत विदारक पुरावा बीड जिल्ह्यातून आला. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढले गेल्याचे त्यातून निष्पन्न झाले. पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, मुकादमाकडून घेतलेली उचल, कर्करोगाची दाखविली गेलेली भीती आणि शस्त्रक्रियेवर चालणारे खाजगी दवाखान्याचे अर्थकारण, अशा अनेक गोष्टींचा पीळ तेथे दिसतो. ही उचल फेडण्यासाठी त्याच बाईला पुन्हा उसाच्या फडात जावे लागते, ही बाब आकडेवारीत दिसत नाही. परंतु शोषणाची साखळी तिथेच पूर्ण होते. परभणी जिल्ह्यातील अनेक कुटुंबेही ऊसतोडीला जातात, त्यामुळे हा प्रश्न केवळ शेजारच्या जिल्ह्याचा म्हणून सोडून देता येत नाही.

ही सर्व टीका आवश्यक आहे. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीत आहे: डॉक्टर प्रामाणिक झाले, दलाली थांबली, दरपत्रके भिंतीवर लागली, की खाजगी आरोग्यसेवा लोकांच्या कामाची होईल. शांततेच्या काळापुरते हे गृहीत काही अंशी खरेही असेल. संकटकाळासाठी ते अपुरे आहे. तालुक्याच्या गावी वीस खाटांचे रुग्णालय बांधणाऱ्या, कर्ज काढून यंत्रसामग्री घेणाऱ्या आणि एक रुपयाही दलाली न देणाऱ्या डॉक्टरची कल्पना करावी. त्याला हप्ता भरण्यासाठी खाटा भरलेल्या ठेवाव्याच लागतात. दहा वर्षांतून कधीतरी येणाऱ्या साथीसाठी पाच खाटा आणि दोन परिचारिका राखून ठेवणे त्याला शक्य नाही. तसे केल्यास प्रामाणिक असूनही तो बुडेल. म्हणजे लोभ वजा केला तरी सज्जतेचा प्रश्न शिल्लक राहतोच. मराठीतील आरोग्यविषयक टीकेने या शिल्लक प्रश्नाकडे पुरेसे पाहिलेले नाही.

मामला ते सुरत : १९९४ चा धडा

या प्रश्नाचे एक जुने उदाहरण मराठवाड्यातच सापडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वर्ष होण्याच्या आत, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बीड जिल्ह्यातील मामला या गावी ग्रंथिक प्लेगचे रुग्ण आढळले. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर झाली. सुरतेतील कापड व हिरे उद्योगात महाराष्ट्रातील, विशेषतः खानदेशातील, मजुरांची मोठी संख्या होती. लाखो लोक शहर सोडून निघाले. त्यांत शहरातील खाजगी डॉक्टरही मोठ्या संख्येने होते. टेट्रासायक्लिन औषधाच्या दुकानांतून दिसेनासे झाले. रुग्णांना आधार राहिला तो शासकीय रुग्णालयाचा.

या डॉक्टरांना भित्रे ठरविणे सोपे आहे आणि त्या वेळी वृत्तपत्रांनी तसे ठरविलेही. परंतु त्यांचा समाजाशी असलेला करार तरी कोणता होता? तो प्रत्येक रुग्णाशी, प्रत्येक भेटीपुरता आणि फीच्या मोबदल्यात होता. शहरावर संकट आले असता दवाखाना उघडा ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर कोणत्याही व्यवस्थेने घातलेले नव्हते, त्या धोक्याचा मोबदला कोणी देऊ केला नव्हता आणि संरक्षक साधनेही कोणी पुरविली नव्हती. याउलट १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ रुग्णसेवा करताना १० मार्च रोजी मृत्यू पावलेल्या सावित्रीबाई फुले यांचा आदर्श दरवर्षी जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतून सांगितला जातो. तो आदर्श वंदनीयच आहे, पण व्यवस्थेचा आराखडा आत्मबलिदानाच्या अपेक्षेवर उभा करता येत नाही.

सुरतेने पुढे स्वतःला सावरले ते महानगरपालिकेच्या बळावर. आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत कचरा, सांडपाणी आणि आरोग्यविषयक दैनंदिन देखरेख यांची जी घडी बसली, तिच्यातून कोणालाही बिल आकारता येत नव्हते.

करोनाकाळ : दरपत्रक, प्राणवायू आणि रेमडेसिविर

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) बाळंतपणे वगळता देशातील रुग्णालयात दाखल होण्याच्या घटनांपैकी ग्रामीण भागात सुमारे ५२ टक्के आणि शहरी भागात सुमारे ६१ टक्के घटना खाजगी रुग्णालयांतील होत्या. एका वेळच्या दाखल उपचाराचा सरासरी वैद्यकीय खर्च शासकीय रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खाजगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. मार्च २०२० मध्ये साथ आली तेव्हा निम्म्याहून अधिक खाटा ज्यांच्या हाती होत्या, त्यांच्यावर शासनाचे नियंत्रण जवळजवळ नव्हते. २०१० चा केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नव्हता. आधार होता तो १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचा.

२१ मे २०२० च्या अधिसूचनेने राज्याने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले: साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. देशात इतक्या ठामपणे पाऊल उचलणारी राज्ये थोडी होती आणि त्याचे श्रेय महाराष्ट्राला द्यावेच लागेल. पुढे १ जून २०२१ च्या आदेशाने शहरांचे वर्ग पाडून ग्रामीण भागासाठी हे दर अनुक्रमे २,४००, ४,५०० आणि ५,४०० इतके खाली आणले गेले. परंतु पीपीई, महागडी औषधे व मोठ्या तपासण्या या दरांच्या बाहेर होत्या आणि बिलांचा फुगवटा नेमका तेथेच झाला. बिले तपासण्यासाठी लेखापरीक्षक नेमावे लागले. साथ ऐन भरात असताना शिक्षकांना आणि लेखाधिकाऱ्यांना रुग्णालयांची बिले तपासायला बसवावे लागणे, ही बाबच नियमनाची पूर्वतयारी किती तोकडी होती ते सांगते.

दर ठरविता येतो. खाट एका आदेशाने निर्माण होत नाही. चारठाण्यासारख्या गावातील रुग्णाला ग्रामीण भागाचा सवलतीचा दर लागू झाला, तरी व्हेंटिलेटर आणि तो चालविणारा तज्ज्ञ होता जिल्ह्याच्या ठिकाणी, नांदेडला किंवा औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर). कागदावरील दरपत्रक आणि प्रत्यक्ष अंतर यांतील ही दरी कोणत्याही अधिसूचनेने बुजणारी नव्हती.

प्राणवायूचे उदाहरण अधिक बोलके आहे. महाराष्ट्र हे औद्योगिकदृष्ट्या अग्रेसर राज्य. येथील प्राणवायूचे उत्पादन दिवसाला सुमारे १,२५० टन होते, पण त्याचा मोठा ग्राहक एरवी पोलाद व रसायन उद्योग होता. एप्रिल २०२१ मध्ये सारे उत्पादन रुग्णालयांकडे वळवूनही ते अपुरे पडले. १९ एप्रिल रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन रेल्वे विशाखापट्टणमकडे निघाली. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली आणि पुरवठा खंडित होऊन २२ रुग्ण दगावले. त्याच महिन्याच्या अखेरीस परभणीच्या जिल्हा रुग्णालयात झाडाची फांदी कोसळून प्राणवायूची वाहिनी फुटली. कर्मचाऱ्यांनी रातोरात धावपळ करून सिलिंडर जोडले आणि अनर्थ टळला. नाशिकच्या दुर्घटनेची राष्ट्रीय बातमी झाली, परभणीची फारशी झाली नाही. परंतु सज्जता म्हणजे काय याचा अभ्यास करावयाचा तर परभणीची ती रात्र अधिक उपयुक्त ठरेल. हाताशी असलेला जादा सिलिंडर आणि रात्रपाळीला हजर असलेला माणूस, एवढ्याच दोन गोष्टी तेथे निर्णायक ठरल्या.

रेमडेसिविरची कथा नफ्याच्या तर्काचे दोन्ही चेहरे दाखविते. रुग्ण दाखल असताना या औषधाचा वापर करू नये, अशी सशर्त शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २० नोव्हेंबर २०२० रोजीच केली होती. पहिली लाट ओसरताच मागणी घटली आणि उत्पादकांनी उत्पादन कमी केले. बाजाराच्या दृष्टीने हे अगदी शहाणपणाचे होते. दुसरी लाट आली तेव्हा तेच इंजेक्शन चिठ्ठीवर लिहून नातेवाइकांना गावोगाव पळविले गेले, छापील किमतीच्या कितीतरी पट दराने विकले गेले आणि वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावे लागले. ज्याचा उपयोग शंकास्पद होता त्याच्यासाठी दागिने मोडले गेले. प्राणवायूचा उपयोग निर्विवाद होता, पण त्याची साठवण कोणी केली नव्हती. बाजाराला टंचाईची किंमत कळते, पण ती टंचाई टाळण्याची किंमत कळत नाही.

हा दोष केवळ भारतीय नव्हे. अमेरिकेत भावी साथीसाठी स्वस्त, सुटसुटीत व्हेंटिलेटर बनविण्याचे काम २०१० मध्ये शासनाने न्यूपोर्ट या छोट्या कंपनीला दिले. २०१२ मध्ये कोव्हिडियन या मोठ्या कंपनीने न्यूपोर्ट विकत घेतली आणि २०१४ मध्ये तो करार एकही व्हेंटिलेटर शासनाच्या साठ्यात न पडता संपला. जगातील सर्वाधिक आरोग्यखर्च करणारा देश २०२० मध्ये व्हेंटिलेटर शोधत फिरला, त्यामागे हीही एक कहाणी होती.

आक्षेप : शासन तरी कोठे सज्ज होते?

या प्रतिपादनावर एक सबळ आक्षेप संभवतो. शासकीय व्यवस्थेला नफा कमवावयाचा नसतो. मग ती तरी सज्ज का नव्हती? ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने १६२ प्राणवायू निर्मिती संयंत्रांची निविदा काढली. १८ एप्रिल २०२१ पर्यंत त्यांपैकी अवघी ३३ बसविली गेली होती. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अतिदक्षता विभागातील आगीने अकरा बळी घेतले. याउलट २०१८ मध्ये केरळात निपाह विषाणूचा संशय सर्वप्रथम कोझिकोडमधील एका खाजगी रुग्णालयातील डॉक्टरांना आला. तेव्हा खाजगी म्हणजे बेफिकीर आणि शासकीय म्हणजे दक्ष, अशी सरधोपट विभागणी टिकत नाही.

आक्षेप मान्य करावयास हवा आणि प्राणवायू संयंत्रांच्या दिरंगाईला नफ्याचे कारण चिकटवू नये. ती सरळसरळ प्रशासकीय ढिलाई होती. तथापि केरळच्या उदाहरणाचा उत्तरार्धही पाहावा लागतो. संशय खाजगी डॉक्टरला आला, पण संपर्कात आलेल्यांचा शोध, त्यांचे विलगीकरण व दैनंदिन पाठपुरावा हे काम सार्वजनिक यंत्रणेने केले. ती तेथे अगोदरच उभी होती. महाराष्ट्रात ती यंत्रणा क्षीण झाली, कारण सार्वजनिक आरोग्याचा हिशेबही हळूहळू बाजाराच्या वहीत लिहिला जाऊ लागला. १९४६ च्या भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व मांडले होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत शासकीय आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते गाठले गेले नाही.

नांदेडच्या घटनेत हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तेथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत बारा अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधटंचाईचा आरोप शासनाने नाकारला. मात्र अनेक रुग्ण खाजगी रुग्णालयांतून अत्यवस्थ स्थितीत आल्याचे रुग्णालयाच्या बाजूने सांगितले गेले. हे स्पष्टीकरण बचाव म्हणून पुढे आले, पण वस्तुतः ते निदान आहे. ज्या रुग्णाकडून उत्पन्न मिळण्याची शक्यता संपली, तो शेवटच्या टप्प्यात सार्वजनिक रुग्णालयाच्या दारी येतो आणि मृत्यूची नोंद तेथे होते. नफा एका ठिकाणी जमा आणि अपयश दुसऱ्या ठिकाणी नावे, अशी ही दुहेरी नोंद पद्धती आहे. परभणी, हिंगोलीसह आजूबाजूच्या जिल्ह्यांतील रुग्णांचा भार वाहणारे हे रुग्णालय असल्याने त्या २४ मृत्यूंचे भूगोल केवळ नांदेडचे नाही.

विमा योजना आणि रिकामी खाट

आरोग्यावरील शासकीय विचार आज प्रामुख्याने विमा योजनांभोवती फिरतो. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली. २०२० मध्ये ती साथीच्या काळात सर्व नागरिकांना खुली झाली आणि २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षणाची रक्कम कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत गेली. हृदयशस्त्रक्रियेसाठी जमीन विकण्याची वेळ या योजनेने अनेकांवर येऊ दिली नाही, हे नाकारणे अन्यायाचे होईल.

प्रश्न योजनेच्या रचनेचा आहे. ती ठरलेल्या उपचारासाठी, तो पार पडल्यावर पैसे देते. न झालेल्या आजारासाठी, टळलेल्या साथीसाठी, रिकाम्या खाटेसाठी ती काही देत नाही. देऊ शकतही नाही. गावाच्या पाण्याचा नमुना वेळेवर तपासला म्हणून गॅस्ट्रोची साथ आली नाही, तर त्याचा दावा कोणत्या नमुन्यात भरावयाचा? परिणामी निधीचा ओघ शस्त्रक्रियेकडे व शहराकडे वळतो. २०२१ च्या लसीकरण धोरणातही हेच घडले. १ मेपासून उत्पादनाचा निम्मा वाटा राज्ये व खाजगी रुग्णालयांना खुला झाला आणि एकच लस केंद्राला, राज्यांना व खाजगी रुग्णालयांना तीन वेगळ्या दरांनी विकली जाऊ लागली. महानगरांतील बड्या रुग्णालयांकडे लस आली, ग्रामीण तरुण नोंदणीच्या संकेतस्थळावर तारीख शोधत राहिले. २१ जूनपासून हे धोरण बदलावे लागले.

येथे महाराष्ट्राच्याच अनुभवातील एक पर्याय विसरला गेला आहे. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याला जे शिकविले त्यातून रोजगार हमी योजना आकाराला आली व १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. या योजनेत मंजूर कामांचा ‘शेल्फ’ आगाऊ तयार ठेवावा लागे, म्हणजे मजुरांची मागणी येताच काम सुरू करता येई. मागणी नसलेल्या वर्षी तो शेल्फ नुसताच पडून राही आणि त्याला कोणी अपव्यय म्हटले नाही. त्याच्या खर्चासाठी १९७५ पासून स्वतंत्र व्यवसाय कर बसविला गेला. महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या वेतनचिठ्ठीत दरमहा कापले जाणारे २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) हे मुळात त्या दुष्काळी सज्जतेचे वर्गणीचे पैसे आहेत. ते कशासाठी कापले जातात हे वर्गात अर्थशास्त्र शिकविणाऱ्यांनाही अनेकदा आठवत नाही.

आरोग्याच्या क्षेत्रात असा शेल्फ नाही आणि त्यासाठी राखून ठेवलेला करही नाही. परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही जिल्ह्यासाठी मोठी गोष्ट आहे. दुसऱ्या लाटेनंतर ठिकठिकाणच्या शासकीय रुग्णालयांत प्राणवायू संयंत्रेही बसविण्यात आली. परंतु संयंत्र महिन्यातून काही तास चालवून पाहावे लागते, त्याच्या गाळण्या बदलाव्या लागतात, ते हाताळणारा तंत्रज्ञ एकही गंभीर रुग्ण नसलेल्या वर्षीही नेमून ठेवावा लागतो आणि त्याचे वीजबिल भरावे लागते. हे बिल कोणत्या लेखाशीर्षाखाली भरावयाचे, याचे उत्तर विमा योजनेच्या उपचारसूचीत मिळणार नाही.